वहिनींचं धिरडं

“आमाले काय हात नाहीत काय?” असं म्हणत वहिनी दोन्ही हात पुढे करायच्या, बांगड्या कोपराकडे सारायच्या आणि समोरच्याला ते हात पाहायला लावायच्या. शेजारणीच्या पापडांची कुणी तारीफ केली की हात पुढे. कुणाच्या लेकीची गोधडी बरी निघाली की हात पुढे. एकदा एसटीत एक अनोळखी बाई लोकरीचं टोपरं विणत होती, तर वहिनी उतरेपर्यंत तिच्या सुयांकडेच पाहत राहिल्या आणि उतरल्यावर माझ्यासमोर हात धरले. दुसऱ्याचं कौतुक ऐकून चेहरा पडणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. वहिनींचा चेहरा पडत नसे, तो तांबडा व्हायचा.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. वऱ्हाडी मुलखातल्या मालेगावच्या दवाखान्यात मी नर्स म्हणून नवीनच लागले होते. आम्ही बौद्ध, त्यामुळे खोली मिळेना. नाव विचारलं की खोली नुकतीच कुणाला तरी दिलेली असायची. वहिनींनी आपल्या घरामागची खोली दिली. “पाण्याचं भांडं मात्र तुमचं तुमी वेगळं ठेवा,” हे त्याच दमात सांगितलं. तेही मी विसरलेले नाही. घरात त्या आणि त्यांचे यजमान भाऊ, दोघंच. भाऊंचं बसस्टँडच्या रस्त्यावर शिलाईचं दुकान होतं. मूलबाळ नव्हतं.

एका उन्हाळ्यात भाऊंना टायफाईड झाला. ताप उतरला, पण तोंडाची चव गेली ती गेलीच. डॉक्टर म्हणाले, हलकं, पौष्टिक द्या, फळं द्या. वहिनी मुगाचं वरण, भगर, साबुदाण्याची पेज असं काय काय घेऊन बाजेभोवती फिरायच्या. भाऊ भिंतीकडे तोंड करायचे. अंगातला सदरा हँगरला लावल्यासारखा दिसायला लागला होता.

ड्युटीवर जायच्या आधी मी माझ्यापुरती धिरडी करायचे. माझ्या आईची रीत. ज्वारीच्या पिठात मूठभर कणीक, पार पिकलेलं केळं कुस्करून, चिमूटभर मीठ, जराशी सुंठ. साखर नाही, गूळ नाही, केळ्याचीच गोडी. भाऊंची बाज तेव्हा माझ्या दाराजवळच्या ओसरीत टाकलेली असायची. त्या सकाळी त्यांनी मान वळवली.

“बाई, काय करून राह्यल्या?”

मी बशीत एक तुकडा दिला. त्यांनी तो खाल्ला आणि बशी पुन्हा पुढे केली. दुसरं धिरडं संपत आलं तेवढ्यात वहिनी पाण्याची घागर घेऊन आल्या. मागून शेजारीणही आली. तिनं बशी पाहिली, मला पाहिलं आणि वहिनींना म्हणाली, “हिच्या हातचं खाल्लं काय वो त्याईनं?”

मी खोली सोडायच्या तयारीनंच उभी राहिले. वहिनींनी घागर आपटली.

“हिच्या हातचं खाल्लं, माह्या हातचं नाही खाल्लं!” त्या भाऊंवर ओरडल्या. “मी वरण घेऊन मांगं मांगं फिरून राह्यली तं तोंड फिरवते हा माणूस. आन् इथं दोन-दोन धिरडे! आमाले काय हात नाहीत काय?”

शेजारीण काय विचारत होती ते त्यांच्या डोक्यातच शिरलं नव्हतं. अख्ख्या गल्लीला माझी जात दिसत होती. वहिनींना फक्त माझा तवा दिसला.

तेव्हापासून त्या माझ्याशी बोलेनाशा झाल्या आणि रोज सकाळी भिंतीपलीकडे त्यांचाही तवा तापू लागला. पहिल्यांदा पेरूचं धिरडं झालं. भाऊ बराच वेळ दातांतल्या बिया काढत बसले. मग पपईचं. ते तव्याला असं चिकटलं की उलथन्यानं खरवडताना सगळ्या गल्लीला ऐकू गेलं. मी दारातूनच म्हटलं, “वहिनी, केळं घ्या. काळ्या सालीचं, अगदी मऊ झालेलं.”

“मले कायले सांगता? मले समजत नाही काय?”

दोन-चार दिवसांनी बसस्टँडवरचे फळवाले चाचा मला हसत म्हणाले, “बाई, तुमची मालकीण रोज काली केली मांगती. गाईको खिलाती बोलती. उनके घरमें गाय कब आई?”

भाऊ बिचारे सगळं खायचे. चव आता परत आली होती, पण सांगायची सोय नव्हती. “चांगलं झालं” म्हटलं तर वहिनी विचारायच्या, “तिच्यापरीस?” आणि भाऊ पाणी मागायचे.

मग एका रविवारी वहिनी माझ्या दारात आल्या. हातात झाकलेली ताटली, चेहरा तांबडाभडक.

“खा. आन् खरं सांगा.”

“झालं काय?”

“थे म्हणते, नर्सबाईनं देल्लं काय. मी केलं आन् थे तुमचं नाव घेते!”

मी घास घेतला. कडा जाळीदार, मध्ये लुसलुशीत, वरून भाजलेले तीळ. मला तसं कधीच जमलं नव्हतं.

“माझ्यापेक्षा चांगलं झालंय, वहिनी.”

“खोटं.”

“खरंच सांगते.”

त्या माझ्या उंबऱ्यावर बसल्या. वाटलं, आता खूश होतील. त्यांनी पदर डोळ्यांना लावला. “माह्या घरात खाणारं एकच तोंड आहे, बाई. लेकरू नाही, बाळ नाही. थे एक तोंडबी तुमच्या दाराकडं वळलं तं मी कोणासाठी चूल पेटवू?”

माझ्या खोलीत तर तेवढंही तोंड नव्हतं. मी उभ्या उभ्या खायचे आणि बशी विसळून ड्युटीवर जायचे. कुणी माझ्यावर रुसेल, माझ्या हातचं नको म्हणून भिंतीकडे तोंड करेल, असं माणूसच नव्हतं. त्या रडत होत्या आणि मला त्यांचा हेवा वाटत होता.

मी तसं बोलून दाखवलं. वहिनींनी डोळे पुसले. मग माझ्या हातातल्या ताटलीतलं अर्धं उरलेलं, मी तोडलेलं धिरडं त्यांनी उचललं आणि खाल्लं. “मीठ थोडं जास्त झालं,” म्हणाल्या. माझ्या माठातलं पाणी माझ्याच गडव्यानं प्यायल्या आणि निघून गेल्या. आपण काय केलं ते त्यांच्या लक्षातही आलं नसावं.

दुसऱ्या दिवसापासून त्या मला ‘तू’ म्हणू लागल्या.

पुढे माझी बदली रिठद गावाला झाली. वहिनींनी पुन्हा अबोला धरला. मी ट्रंक भरत होते तेव्हा त्या दाराशी येऊन म्हणाल्या, “जा. रिठदच्या लोकाईचं भलं कर. इथले तं सारे बरेच आहेत.” एसटीवर भाऊ एकटेच सोडायला आले. “रुसून बसली हाये,” म्हणाले. “तुमी जिथं चालल्या तिथल्या माणसाईवर.”

पुढच्याच उन्हाळ्यात वहिनी तापानं गेल्या. निरोप मला फार उशिरा मिळाला. मी पोचले तेव्हा घरातली पाहुणे मंडळी परतली होती. भाऊ ओसरीत बसले होते.

“तुमाले बलावतो म्हटलं मी,” ते म्हणाले. “तं म्हणे, नोका. थे ड्युटी सोडून येईन, आन् तिथलं कोणी मेलं तं माह्या नावानं बोटं मोडीन.”

अंगणातल्या दोरीवर वहिनींचं हिरवं लुगडं अजून वाळत होतं. आजारी पडायच्या दिवशी सकाळी त्यांनी धुतलेलं. इतक्या दिवसांच्या उन्हानं त्याची एक बाजू फिकी पडली होती. निघताना मला राहवेना, घडी करून आत ठेवावं म्हणून मी हात लांबवला.

“राहू द्या, बाई,” भाऊ चटकन उठले. त्यांचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. “मी कोणालेच हात लावू देल्ला नाही.”

मी हात मागे घेतला. ते दोरीजवळ जाऊन, माझ्याकडे पाठ करून, मी जाईपर्यंत तिथंच उभे राहिले.