लातूर फाट्याचा उतार

आमची गाडी पळताना कधीच बंद पडली नाही. लातूरहून निघालं की अहमदपूर, लोहा मागं टाकत ती गुमान नांदेडला यायची. पण कुठं थांबायची वेळ आली, रेसवरचा पाय निघाला, की अंगात हीव भरल्यासारखी थरथरायची आणि गप्प व्हायची. लातूरच्या मेकॅनिकनं आधी प्लग बदलले, मग थ्रॉटल साफ केला, शेवटी कंटाळून नुसता स्लो, म्हणजे उभ्या गाडीतली इंजिनची गती, वाढवून दिला. चार दिवस बरी चालली, पाचव्या दिवशी तेच. मी त्याच्याशी कडाडून भांडलो. माझ्या नाकावरच राग असतो. मग मी माझीच रीत काढली. थांबायचं असलं की हँडब्रेक ओढायचा आणि उजवा पाय रेसवर तसाच ठेवायचा.

महिन्यातून एकदा अप्पांना, म्हणजे वडिलांना, घेऊन नांदेडच्या डॉक्टरकडं जावं लागायचं. त्यांचं विसरणं वाढत चाललं होतं. जेवण झालं की नाही ते आठवायचं नाही. चाळीस वर्षं ज्या दुकानाच्या गादीवर बसले त्या दुकानाचा रस्ता आठवायचा नाही. मागच्या सीटवर शाल पांघरून आडवे व्हायचे, त्यामुळं आरशात दिसायचेही नाहीत. पण गाडी थरथरली की मागून आवाज यायचा, "ढकलू का रं?" आमची पहिली गाडी रोज सकाळी धक्क्यावर सुरू व्हायची. धक्का तेच द्यायचे. तेवढं मात्र विसरले नव्हते.

"गप पडा, अप्पा," मी म्हणायचो. दर वेळी. ते लिहितानाही आता लाज वाटते.

त्या दिवशी नांदेडमध्ये शिरताना लातूर फाट्यावर पुढचा ट्रक एकदम थांबला. मला दोन्ही पाय ब्रेक-क्लचवर घ्यावे लागले आणि गाडी बंद पडली. रस्त्यात तीनदा सेल्फ मारून बॅटरी उतरलेली. चावी फिरवली तर नुसतं टक् टक्. मी उतरलो, बॉनेट उघडलं, बॅटरीच्या वायरी हलवल्या. मागं ऑटो, टेम्पो, सगळ्यांचे हॉर्न. एक टेम्पोवाला खिडकीतून ओरडला, "ओ, बाजूला घ्या की गाडी! ढकला जरा!"

"कोण ढकलणार? माझा बाप?" मी त्याच्यापेक्षा मोठ्यानं ओरडलो.

बॉनेट आपटून आत बसलो. चावी लावली, दुसरा गिअर टाकला, क्लच दाबून हँडब्रेक सोडला. क्षणभर काहीच झालं नाही. मग गाडी हलली. बरं झालं, उतार आहे, वाटलं. थोडा वेग आल्यावर क्लच सोडला, हिसका बसला आणि इंजिन लागलं. आता पाय काढला तर पुन्हा मरेल, म्हणून जी दामटली ती गोदावरीचा पूल ओलांडून थेट दवाखान्याच्या दारात. हँडब्रेक ओढला, पाय रेसवर ठेवूनच म्हणालो, "चला अप्पा, उतरा."

मागं नुसती शाल होती.

लगेच परत फिरलो. अर्ध्या तासात फाट्यावर पोचलो असेन. तिथली गर्दी बदलून गेली होती. टपरीवाल्यांना विचारलं, ऑटोवाल्यांना विचारलं. संध्याकाळी पोलिसांत गेलो. हवालदार म्हणाले, मिसिंगची तक्रार दाखल करावी लागेल. कसे गेले, विचारलं. मी सांगितलं, डोक्यावर परिणाम आहे, बॉनेट उघडं होतं तेव्हा उतरून कुठंतरी चालायला लागले असतील. त्यांनी लिहिलं, "कोणास काही एक न सांगता निघून गेले." मी वाचून सही केली.

मग शोध सुरू झाला. माणूस शोधायचा तर गाडी हळू चालवावी लागते, आणि हळू चालणंच तिला जमत नव्हतं. स्टेशन, गुरुद्वाऱ्याचं लंगर, नदीचे घाट, जिथं कुणी म्हातारा दिसेल तिथं थांबावं, तर ती बंद. तिसऱ्या दिवशी एका गॅरेजात घातली.

तिथला म्हातारा मेकॅनिक काही खोलायच्या भानगडीत पडला नाही. बॉनेट उघडून कान लावून उभा राहिला. मग इंजिनच्या मागं हात घालून एका रबरी नळीवर अंगठा दाबला. थरथर थांबली. अंगठा काढला, पुन्हा सुरू. "इथून हवा ओढून राहिली साब. बोटभर चीर हाय, बस." त्यानं नवी नळी बसवली, गाडी सुरू करून दिली आणि हात पुसत म्हणाला, "इंजिनची मिसिंग गेली बघा, आता झटके नाही खानार."

त्याला बिचाऱ्याला काय माहीत. मी तिथंच तोंड झाकून रडलो.

गाडी घेऊन तडक लातूर फाट्यावर गेलो. त्याच जागी कडेला उभी केली, न्यूट्रलला, इंजिन चालूच ठेवून. टपरीवाल्याला अप्पांचा फोटो पुन्हा दाखवत होतो, तेव्हा आठवलं, हँडब्रेक ओढलाच नाही. गाडी उतारावरून कुणाच्या अंगावर जाईल म्हणून पळत आलो.

गाडी होती तिथंच होती. संथ आवाजात चालू, बोटभरही हललेली नव्हती. मी रस्त्याकडं पाहिलं. पुढं, मागं, पुन्हा पुढं. पार सपाट रस्ता. उतार होता, उतार होता, असं तीन दिवस मी स्वतःला सांगत आलो होतो.

अप्पा अजून सापडलेले नाहीत. दोन वर्षं होतील. पोलिसांतला कागद तसाच आहे, ते वाक्य बदलून घ्यायला मी अजून गेलो नाही. ते निघून गेले नव्हते. मीच त्यांना ढकलायला बोलावलं होतं, भर रस्त्यात, ओरडून.