चार नंबरचा बिल्ला

दुपारचं ताट तसंच झाकून ठेवून त्र्यंबकराव आरामखुर्चीत पडले आहेत. झोपायचं नाही, असं त्यांनी स्वतःला बजावलं आहे. समोर स्टुलावर वेताची टोपली आहे, टोपलीत धुतलेला पंचा आहे आणि पंच्यात टाचणी आहे.

टाचणी म्हणजे त्यांची साळुंकी. नऊ वर्षांपूर्वी नगर वाचनालयाच्या झरोक्यातून पिल्लू खाली पडलं, एक पंख कायमचा अधू झाला, आणि ग्रंथपाल असलेल्या त्र्यंबकरावांच्या टेबलावरच्या टाचण्या पळवत ते वाढलं. काल संध्याकाळी तिनं सातूचं पीठ चोच पुसून पुसून खाल्लं. आज सकाळी ती पिसं फुगवून टोपलीच्या तळाशी बसली, श्वासागणिक शेपूट हलायला लागली, आणि अकराच्या सुमारास संपलं सगळं.

डोळे मिटायचे नाहीत. मिटले तर अक्का येऊन टोपली उचलेल. थोरली बहीण ती, परसात जास्वंदीखाली खड्डा काढते आहे. खुरप्याचा आवाज येतो, थांबतो, पुन्हा येतो. मग त्यातच कुणीतरी घसा खाकरतं.

बोलण्याआधी घसा खाकरायची सवय त्र्यंबकरावांची. बहुतेक वेळा खाकरण्यावरच त्यांचं बोलणं संपतं. माणसांच्या भाषेतलं टाचणी तेवढं एकच शिकली होती.

"टाचणे?"

"ऊठ, त्र्यंबक," टोपलीच्या काठावर बसून टाचणी म्हणते. थेट अक्काची बोलण्याची ढब. "रांग पुढं सरकली."

ते पाय खाली टेकतात ते गुरांच्या दवाखान्याच्या ओट्यावरच. रांग सकाळचीच आहे. सकाळी त्यांच्या हातात पुठ्ठ्याचा बिल्ला होता, चार नंबरचा. "गुरुजी, टोपलीत काय, चिमणी?" कंपाउंडरनं विचारलं होतं आणि सगळी रांग हसली होती. तेव्हा त्यांनी टोपलीवर पंचा ओढला. मग शेळी घेऊन एक बाई आली. "आप्पा, शेळी अडलीया वो. मला जाऊ द्या की म्होरं." त्र्यंबकरावांनी घसा खाकरला आणि आपला बिल्ला तिला दिला. तिचा अकरा नंबरचा स्वतः घेतला. आठवा नंबर आत गेला तेव्हा पंच्याखालून टाचणीनं एकदाच घसा खाकरला. तेच शेवटचं.

आता टाचणी त्यांच्या खांद्यावर आहे. वजन आहे तिला. नखं सदऱ्यातून टोचतात आणि त्यांना ते इतकं बरं वाटतं की मान वळवायची भीती वाटते.

"तू दया केलीस का रे त्या शेळीवर?"

"हो," ते म्हणतात. मग म्हणतात, "नाही. लाजलो."

"मला वाटलंच."

ओट्याच्या टोकाला वाचनालयाची कपाटं लागतात. कपाटांच्या मधल्या बोळांत म्हशी उभ्या आहेत, शांतपणे रवंथ करताहेत, एकीच्या शिंगाला वर्तमानपत्राची काठी अडकली आहे. त्र्यंबकराव प्रत्येक म्हशीला "जरा सरकता का" म्हणायला तोंड उघडतात आणि भिंतीला घासून निघून जातात. कुठूनतरी कंपाउंडर ओरडतो, "नंबर चार!"

"आपला," टाचणी म्हणते.

"तो मी देऊन टाकला."

"मग परत माग."

"दिलेलं कसं मागायचं?"

"तोंडानं."

ती बाई वाचकांच्या बाकावर बसली आहे. शेळी व्यालेली, मांडीवर ओलं करडू. त्र्यंबकराव तिच्यापुढं उभे राहतात. घसा खाकरतात. पुन्हा खाकरतात. करडू त्यांच्याकडे बघतं. खांद्यावरचं वजन हलकं होत चाललं आहे, हे त्यांना कळतं, आणि त्या भयानं शब्द बाहेर पडतात.

"बाई, माझा बिल्ला परत द्या. माझं पाखरू मरतंय."

"अगं आई," ती पदराची गाठ सोडते. "मग सकाळीच बोलायचं न्हाई व्हय, आप्पा? मला काय ठावं टोपलीत जीव हाय म्हून? मला वाटलं, पुस्तकं असत्याल तुमची." ती बिल्ला त्यांच्या हातावर ठेवते. इतकं सोपं.

आता धावायचं. या वयात ते धावतात. वाचनालय संपत नाही, कपाटामागून कपाट, सगळ्या पुस्तकांच्या पाठी कोऱ्या. खांद्यावर आता फक्त नखांची टोचणी उरली आहे.

"टाचणे, सकाळी मागितला असता तर वाचली असतीस?"

"कुणास ठाऊक."

"खरं सांग."

"खरंच सांगते. डॉक्टरांच्या टेबलावरही मेले असते कदाचित. पण पंच्याखाली नसते मेले, अंधारात."

"मला क्षमा कर."

टाचणी त्यांच्या कानाच्या पाळीला एकदा चोच लावते, पहाटे उठवायला लावायची तशी. टेबल समोर आहे. डॉक्टर पाठमोरा हात धुतो आहे. त्र्यंबकराव बिल्ला उंच धरतात आणि जन्मात ओरडले नाहीत तसे ओरडतात, "नंबर चार! आधी हिला बघा!"

डॉक्टर वळतो. त्र्यंबकराव खांद्याकडे हात नेतात. खांदा मोकळा आहे.

"कुणावर ओरडलास रे?" अक्का दारात उभी आहे, हाताला माती. "घाबरले ना मी. एवढा आवाज होता तुझ्यात?"

ऊन भिंतीवरून खाली आलं आहे. टोपली स्टुलावर आहे, पंचा जसा घडी घातला होता तसाच.

"त्र्यंबक, खड्डा झालाय. किती वेळ बसशील असा तिला घेऊन? मुंग्या लागतील."

ते सदऱ्याच्या खिशात हात घालतात. घरी आणलेला अकरा नंबरचा बिल्ला तिथंच आहे. मग त्यांना आपली डावी मूठ दिसते, इतकी घट्ट की बोटं पांढरी पडली आहेत. ते एकेक बोट सोडवतात. तळहातावर पुठ्ठ्याचा दुसरा तुकडा आहे, घामानं ओला, कडेला चोचीनं टोचल्यासारखी बारीक भोकं. त्यावर चार लिहिलेलं आहे.

"अक्का," ते म्हणतात. या वेळी घसा खाकरत नाहीत. "दवाखाना दुपारी किती वाजता उघडतो? हिचा नंबर आलाय."

अक्का त्यांच्याकडे बघते, टोपलीकडे बघते, आणि पदराला हात पुसत खाली जमिनीवर बसते.