सरांच्या रेघा

सेनगावच्या कॉलेजात मी मराठी शिकवायचो आणि शेजारच्या वर्गावर गणिताचे एक सर असायचे. विकलक समीकरणं मला कळत नसत, तरी ते स्लोप फील्ड काढू लागले की मी दारात थांबायचो. फळाभर ठिपके द्यायचे, प्रत्येक ठिपक्याच्या एक्समधून वाय वजा करायचा आणि येईल त्या चढाची इवलीशी रेघ तिथे ओढायची. मागे न वळता ते विचारत, "ही चढती काहून?" पोरांनी कारण सांगितल्याशिवाय पुढची रेघ नाही.

मागच्या वर्षी त्यांचा उजवा हात कापू लागला. एकदा एक्स दोन आणि वायही दोन असलेला ठिपका आला. चढ शून्य, म्हणजे रेघ आडवी हवी होती. ती खाली घसरली. पुढच्या बाकावरची मुलगी हळूच म्हणाली, "सर, ही आडवी पाहिजे नं?"

"बराबर हाय तुझं." त्यांनी खडू तिच्या हातात दिला. "मी चढ सांगतो, तू काढ."

त्यानंतर रेघा पोरंच काढायची.

त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी सगळे खाली जमले होते. मी त्यांना बोलवायला वर गेलो. रिकाम्या वर्गात ते डाव्या हातानं उजवं मनगट धरून रेघ काढत होते, तळव्यानं पुसत होते, पुन्हा काढत होते. मी पावलं न वाजवता मागे फिरलो आणि खाली येऊन सांगितलं, "सर येऊन राहिले."