आप्पांचा हात

गोडादऱ्यात आमच्या घरी काहीही अडलं की त्याला चापट बसते. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सगळा जन्म लूमवर काढला. लूम अडला की ठरलेल्या जागी तळहाताचा एक दणका, की गाडी सुरू. घरातला पंखा, मिक्सर, टीव्ही, सगळ्यांनी तो हात खाल्लाय.

मागच्या आठवड्यात साड्यांची डिझाइनं करणाऱ्या एका ऑफिसात हार्ड डिस्क बसवायला गेलो. रॅकमधल्या डब्यात डिस्का ओळीनं बसवलेल्या, त्यातली एक मेलेली. एक गेली तर बाकीच्या तिचं काम सांभाळून घेतात. दुसरी गेली की सगळंच जातं. डिझाइन काढणाऱ्या गुजराती बेन माझ्या मागेच उभ्या होत्या. त्यांची कित्येक वर्षांची फुलं-वेली त्या डब्यात होती, दुसरीकडे कुठेच नाही.

डबा चालूच ठेवून नवी डिस्क आत सरकवायची होती. ती शेवटी जाऊन अडली. पुढची दांडी नीट उघडून पुन्हा घालायची, एवढंच काम. पण मी दीडशहाणा! दिली एक चापट ठेवून. डिस्क बसली, आणि शेजारच्या चालू डिस्कचा दिवा लाल झाला. आतून टकटक ऐकू यायला लागलं.

"भैया, मेरे फूल वापस आएँगे न?" बेननी विचारलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

माझ्यासोबत आलेले आमचे साहेब मात्र भडकले, "ये क्या तरीका है?"

आणि माझं तोंड बघा, म्हणतं कसं, "साहेब, पप्पा लूमवाले हैं ना, उनकी आदत लग गई." सगळे हसले. बेन हसल्या नाहीत. मेलेल्या डिस्कमधून फाइली काढून देणाऱ्या दुरुस्तीवाल्याकडे नेली, त्यानं ती उघडून पाहिली आणि हात टेकले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी आप्पांनी माझा चेहरा पाहून विचारलं, "काय व्हयनं?" लूमच्या खडखडाटानं त्यांचे कान कधीच गेलेत. ओरडून सांगावं लागलं. चापट मारली, बेनची फुलं गेली, अख्ख्या गल्लीनं ऐकलं. साहेबांना काय म्हणालो, तेवढं मात्र गिळलं.

आप्पा आपल्या तळहाताकडे बघत बसले. मग म्हणाले, "मन्ही खोड लागनी तुले. सकाळे मी येसू तुन्हा साहेबकडे. सांगसू, चूक मन्ही शे."

लाज वाटली हो, फार लाज वाटली. ती चूक मी दुपारीच त्यांच्या माथी मारून आलो होतो.