घर खाली होईस्तोवर

सौंसरच्या बायका ब्लाउज शिवायला प्रेमलता कळंबेकडेच जात. एक तर तिचा हात चांगला होता. दुसरं म्हणजे तिच्या घरी पुरुष ओसरीच्या पुढे येत नसे. नवरा असो, भाऊ असो, तो बाहेर कडुनिंबाखाली मोटरसायकल लावून उभा राहायचा. समोरच्या खोलीत मशीन आणि कापडाचा टेबल होता, त्यामागे जाड पडदा, आणि पडद्याच्या आड माप घ्यायची जागा. टेप लावण्याआधी प्रेमलता प्रत्येक बाईला विचारायची, “लावू का?” नवी नवरी असो की नातवंडांची आजी, विचारल्याशिवाय तिनं कोणाच्या अंगाला हात लावला नाही.

ती मूळची मोहगावची सून. नवरा संत्र्याच्या गाडीवर ड्रायव्हर होता, नागपूरच्या रस्त्यावर अपघातात गेला. तेव्हा प्रेमलता तिशीतली. सासरचे म्हणाले, राहा आमच्यात, दोन वेळचं जेवण कुठं जात नाही. जेवण नव्हतंच जात. पण तिनं पेटी उघडली की जाऊबाई डोकावे, कोणी भेटायला आलं की दीर दारात येऊन बसे. वर्षाच्या आत तिनं मशीन बसच्या टपावर चढवलं आणि सौंसर गाठलं. सासरे मागून ओरडले, “एकटी कशी राहशीन?” ती म्हणाली, “दार लावून राहीन.”

सौंसरला घरमालक दादाजींनी आपल्या मकानातल्या समोरच्या दोन खोल्या तिला किरायानं दिल्या. ते स्वतः बाजूच्या मोठ्या घरात राहत. पोरगा हेमंत तेव्हा शाळेत होता. त्याच्या कितीतरी चड्ड्यांना प्रेमलतानं बटणं लावून दिली. तो तिला काकू म्हणायचा.

दादाजी गेले आणि हेमंत मालक झाला. पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून इकडच्या जागांना भाव आला होता. रस्त्याला लागून असलेल्या त्या खोल्या विकायच्या हेमंतच्या मनात आलं. एका सकाळी तो ओसरीवर येऊन बसला आणि जमिनीकडं पाहत म्हणाला, “काकू, मकान खाली करा लागते.”

प्रेमलतानं सुई टोचून ठेवली. “तुले लागत असन तर मी काऊन अडू? मकान तुह्याच बापाचं हाय. लग्नसराईची कामं घेऊन बसली मी. तेवढी होऊ दे, मंग जातो म्हणते पांढुर्ण्याले. तिथी माही भाची हाय, प्रणाली. थे खोली पाहून देते.”

हेमंतला वाटलं नव्हतं इतकं सोपं जाईल. तो खुशीत गेला. भांडण जाण्यावरून नव्हतंच मुळी. जायला प्रेमलता तयार होती.

भांडण सुरू झालं ते पुढच्या आठवड्यात. ती भाकर खात होती आणि दार ढकलून हेमंत आत आला. त्याच्यासोबत एक दलाल आणि दोन अनोळखी माणसं. चपला घालून ती चौघं तिच्या ताटाजवळून मागच्या खोलीत गेली. एकानं तिच्या खाटेवर हात टेकून खिडकीतून पाहिलं. दुसऱ्यानं न्हाणीचा पत्रा सरकवला. “हे पाडलं का मोठी जागा होते,” हेमंत सांगत होता. तिच्याकडं कोणी पाहिलंही नाही. ती घास हातात धरून बसली होती आणि घरात कोणी नसल्यासारखी ती माणसं बोलत होती.

ते निघाल्यावर ती हेमंतला म्हणाली, “येतानी आवाज देजो बापा. फोन करजो. मी काही कोणाले पाहू देत नाही असं नाही.”

“हो काकू, हो,” तो म्हणाला. आणि नंतरही तसाच आला. एकदा तर पडद्याआड धनश्री नावाची कॉलेजातली पोरगी माप देत होती. प्रेमलतानं धावत जाऊन दोन्ही हातांनी पडदा धरला, तेव्हा कुठं तो थांबला. धनश्री नंतर परत आली नाही. तिच्या आईनं कापड परत मागवून घेतलं.

मग प्रेमलता खोली पाहायला पांढुर्ण्याला गेली. संध्याकाळी घरी आली, कुलूप उघडलं, आणि उंबऱ्यातच थांबली. काहीही गेलेलं नव्हतं. पण मागच्या खोलीत दोरीवर वाळत घातलेले तिचे कपडे एका बाजूला सरकवलेले होते, आणि टेबलावरची चादर घडी करून खुर्चीवर ठेवली होती. निघताना ती चादर तिनं स्वतःच्या हातानं टेबलावर पसरली होती. हेमंतकडं दुसरी चाबी आहे, हे आजवर कधी तिच्या मनातही आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी विजया मॅडम आल्या. त्या शाळेत शिकवायच्या. त्या बसल्या नाहीत, फक्त मोबाईल पुढं केला. गावातल्या खरेदी-विक्रीच्या ग्रुपवर हेमंतनं मकानाचे फोटो टाकले होते. एकात प्रेमलताची खाट, दोरी, दोरीवरचे आतले कपडे. दुसऱ्यात कापडाचा टेबल. टेबलावर अर्धवट शिवलेले ब्लाउज, प्रत्येकाला नावाची चिठ्ठी टाचलेली.

“मोठा करून पाहा,” विजया मॅडम हळूच म्हणाल्या.

प्रेमलतानं बोटांनी फोटो मोठा केला. अगदी समोर विजया मॅडमचा ब्लाउज होता, उलटा करून ठेवलेला. चिठ्ठीवर नाव स्पष्ट. आणि एका बाजूला आतून लावलेली गादी.

दोन वर्षांपूर्वी मॅडमचं नागपूरला ऑपरेशन झालं होतं. एक छाती काढावी लागली. गावात कोणाला माहीत नव्हतं. शाळेत त्यांनी पित्ताशयाचं ऑपरेशन सांगितलं होतं. नवऱ्याला माहीत होतं आणि प्रेमलताला. पहिल्या वेळी मॅडम पडद्याआड उभ्या राहून कितीतरी वेळ पदरच सोडत नव्हत्या. प्रेमलता पाठ करून बसली होती, त्या तयार होईपर्यंत. त्या दिवसापासून ते ब्लाउज ती स्वतः शिवायची, मदतीला येणाऱ्या बाईच्याही हातात द्यायची नाही.

“कोणी ओळखलं का?” प्रेमलतानं विचारलं.

“माहीत नाही. आज स्टाफरूममध्ये दोघी जणी माझ्याकडं पाहून बोलत होत्या. कदाचित दुसरंच काही असेल.” मॅडमनी मोबाईल पर्समध्ये टाकला. “तुम्हाला बोलायला नाही आले मी. तुमचाही पलंग आहेच त्यात.”

त्या गेल्या. प्रेमलता मशीनवर बसली, पण पाय चालेना. आपल्याला कोणीतरी न विचारता नागवं करून मापलं, असं तिला वाटलं. आणि आपल्या भरवशावर आलेल्या बाईलाही.

ती तशीच उठली आणि बाजारात हेमंतच्या कृषी केंद्रात गेली. संत्र्याच्या बागांना फवारणीचे दिवस होते, दुकानात गर्दी होती. लोधीखेड्याचे दोन शेतकरी औषधाच्या डब्यावरचं वाचून घेत होते. ती सरळ गल्ल्यासमोर उभी राहिली.

“हेमंतराव, फोटू काढून टाका ग्रुपवरचे.”

ती अहोजाहो बोलते आहे हे हेमंतच्या पटकन लक्षात आलं. “काऊन काकू? काय बिघडलं? कपडेच त हायेत.”

“काढून टाका.”

“अवं, लोकं फोन करून राहिले फोटू पाहून. आता काढू का? असं काय हाय त्याच्यात? सांगा ना.”

शेतकऱ्यांनी औषधाचा डबा खाली ठेवला. सगळे तिच्याकडं पाहत होते. एक वाक्य बोलली असती तर हेमंतची मान खाली गेली असती, हे तिला पक्कं माहीत होतं. पण ते वाक्य तिचं नव्हतं.

“काय हाय थे मी नाही सांगणार,” ती म्हणाली. “सांगाचं कारणच नाही. माह्या राहत्या घरात तुम्ही मले न विचारता गेले. माह्या वस्तूचे फोटू घेतले. मले नाही पायजे, एवढं पुरे हाय.”

“राहतं घर म्हणे!” हेमंत हसला. दुकानाकडं पाहून हसला. “मकान माहं हाय, काकू.”

“हाय ना. मी कधी नाही म्हटलं?”

ती तिथून लोखंडाच्या दुकानात गेली, दारात बसवायचं नवं कुलूप घेतलं आणि आतून लावायची मोठी कडी घेतली. मिस्तरी उद्या येतो म्हणाला. ती म्हणाली, उद्या नको, आत्ता चल. त्यानं कडी ठोकली तेव्हा बाजूच्या घरात ऐकू गेलंच असेल.

हेमंत त्या रविवारी आला. नागपूरची पार्टी घेऊन आला होता, मध्यम वयाचे नवरा-बायको, पांढरी गाडी. आत तीन बाया लग्नाचे कपडे घालून पाहत होत्या. हेमंतनं जुनी चाबी लावून पाहिली. मग दार ठोकलं, मग थापा मारल्या. थोड्या वेळानं प्रेमलता बाहेर आली, मागं दार ओढून घेतलं आणि पायरीवर उभी राहिली.

“कुलूप कोणाले विचारून बदललं?” हेमंत ओरडला.

“तुम्ही कोणाले विचारून उघडलं होतं?”

“काकू, हे लोकं नागपूरवरून आले. दोन मिनिटाचं काम हाय. हटा बाजूले.”

“आत बाया हायेत. आज नाही.”

“मी थान्यात जाईन हं!”

“जा ना. मीही येते. पुलिसवाल्याले म्हणा, हे बाई आपलं दार लावून बसली, आणि मले आत घुसाचं हाय. पाहू काय लिहून घेते थो.”

रस्त्यावरची माणसं थांबली होती. कडुनिंबाखालचे दोघे नवरेही मोटरसायकलवरून उतरले. हेमंत एक पायरी वर चढला. प्रेमलता हलली नाही. त्याच्या छातीला तिचा खांदा लागेल इतक्या जवळ ती उभी होती.

“ऐकून घ्या,” ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता, तरी पलीकडच्या पानठेल्यापर्यंत गेला. “घर मी सोडून राहिली. तुम्ही एकदा म्हटलं, मी हो म्हटलं. पण घर खाली होईस्तोवर या दाराच्या आत मी राहते. माही खाट, माही न्हाणी, माह्या भरवशावर आलेल्या बाया. पाहाचं असन त आदल्या दिवशी फोन करा, मी टाइम देईन. दार वाजवून या, चपला बाहेर काढा. पहिले थे फोटू जातीन ग्रुपवरून, आणि जुनी चाबी माह्या हातात येईन. तवा दार उघडीन.”

नागपूरच्या बाईनं नवऱ्याचा हात धरला. “अहो, चला,” ती म्हणाली. मग हेमंतकडं वळून, “तुम्ही तर म्हणालात, जागा रिकामी आहे. कोणी राहतंय इथं. त्यांना विचारून बोलवा आम्हाला.”

गाडी गेली. हेमंत लाल झाला होता. तो बाजूच्या घरात गेला, आणि दोन मिनिटांत प्रेमलताच्या खोल्यांची बत्ती गेली. मीटर त्याच्याकडं होतं.

आतल्या बाया घाबरल्या. एक म्हणाली, “प्रेमाताई, जाऊ द्या ना. जायचंच हाय तुमाले.”

“जायचं हाय म्हणूनच,” प्रेमलता म्हणाली. तिनं मशीन खिडकीजवळ ओढलं. इतक्या वर्षांत मोटर बसव म्हणून किती जणींनी सांगितलं असेल, तिनं बसवली नव्हती. पायानं चालणारं मशीन, त्याला बत्तीचं काय? उजेड असेपर्यंत ती शिवत राहिली, आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच पुन्हा बसली. येणाऱ्या बाईनं अंधार का म्हणून विचारलं की ती जे झालं ते सांगायची, ना कमी ना जास्त. विजया मॅडमचं नाव तिच्या तोंडून निघालं नाही. बत्तीसोबत पाण्याचा पंपही बंद पडला होता, तेव्हा पाणी बाया आपल्या घरून कळशीनं आणून देत. सौंसर काही मोठं गाव नाही. कृषी केंद्रात खत घ्यायला आलेली माणसं हेमंतला विचारू लागली, “काऊन भाऊ, बाईची बत्ती कापली म्हणते?”

चौथ्या दिवशी बत्ती आली. त्या संध्याकाळी दार वाजलं. हेमंत ओसरीवर, चपला पायरीखाली. त्यानं मोबाईल पुढं धरला. “काढले. पाहून घ्या.” मग खिशातून चाबी काढून तिच्या हातावर ठेवली. माफी मागितली नाही. तिनंही मागून घेतली नाही.

“तुमच्या फोनमधले पण काढा,” ती म्हणाली. त्यानं तिच्यासमोर काढले.

ज्यांनी आधीच पाहिले, ठेवून घेतले असतील, त्यांचं काही करता येत नव्हतं. ते दोघांनाही कळत होतं.

नागपूरची पार्टी ठरल्या वेळी पुन्हा आली. प्रेमलतानं त्यांना दोन्ही खोल्या स्वतः दाखवल्या, भिंतीला ओल कुठं येते तेही सांगितलं. हेमंतनं ओठ चावले. तरी सौदा झाला.

घर सोडायच्या दिवशी तो मिस्तरी घेऊन सकाळीच आला आणि ओसरीखाली उभा राहिला. आत ती झाडत होती. तिनं शेवटचा केर भरला, मशीन टेम्पोत चढवून घेतलं, कुलूप लावलं, आणि मग नवी चाबी त्याला दिली.

“काकू,” तो चाबी हातात फिरवत म्हणाला, “थ्या फोटूत असं काय होतं? आता तरी सांगा.”

“अजून विचारूनच राहिला का रे?” ती म्हणाली, आणि टेम्पोत बसली.

पांढुर्ण्यात प्रणालीनं पाहिलेली खोली लहान आहे, न्हाणी दुसऱ्या किरायेदारासोबत वाटून घ्यावी लागते. घरमालक निवृत्त पोस्टमन. खोली घेण्याआधीच प्रेमलतानं त्याला दुसऱ्या चाबीचं विचारलं. तो घरात गेला, आणि त्यानं ती चाबी आणून दिली. गिऱ्हाईक अजून सौंसरच्या निम्म्यानंही नाही. पण महिन्यातून एकदा, शाळेला सुट्टी असली की विजया मॅडम बसनं येतात. मागच्या खेपेला त्यांनी सोबत अजून एक बाई आणली होती, छिंदवाड्याची. तिचंही ऑपरेशन झालेलं. ती दारात घुटमळत होती. मॅडमच तिला म्हणाल्या, “या हो आत. इथं कोणी येत नाही.”