एकतीस जणांचा एक नंबर

नगरपालिकेत लागला तेव्हा त्याच्या हाती कर्णा दिला, म्हणून त्याचं नाव पडलं भोंगा. पाणी येणार नाही, रस्ता बंद आहे, वादळ येतंय, काहीही असो, हा सायकलवरून गल्लोगल्ली ओरडत फिरायचा. सव्वीस वर्षं. आवाज असा की लोक म्हणत, कर्णा नुसता शोभेला. मग वरून ठरलं की यापुढे सूचना मोबाइलवर जातील. कर्णा कपाटात गेला आणि भोंग्याला काम मिळालं, वस्तीतल्या प्रत्येकाचं नाव नोंदवायचं.

गडी ईर्षेला पेटला. एक घर सोडलं नाही. पण काही म्हाताऱ्यांकडे मोबाइलच नव्हता, आणि नंबरचा रकाना रिकामा ठेवला की फॉर्म पुढे सरकायचा नाही. इस्त्रीवाल्या मावशींच्या नावापुढे त्याने पहिल्यांदा स्वतःचा नंबर घातला.

"निरोप माझ्याकडे येईल मावशी, मी येऊन सांगेन. तुम्ही निर्धास्त राहा."

म्हणाला ते मनापासून, तेवढं श्रेय त्याच्या पदरात घालायला हवं. पण एकाचे दोन, दोनाचे चार, करता करता एकतीस झाले. शंभर टक्के नोंदणीचं प्रमाणपत्र मिळालं, ते दारासमोरच्या भिंतीवर लागलं. हे एकतीस कसे भरले ते त्याने बायकोलाही सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पुढे पालिकेची बातमीपत्रं सुरू झाली. बागेत नवे बाक बसवले, ही बातमी भोंग्याला बत्तीस वेळा आली. त्याने महिनाभर सोसलं आणि एक दिवस वैतागून त्या संदेशांचा आवाजच बंद करून टाकला.

एका सोमवारी सकाळी बायकोने पेल्यात बाटलीतलं पाणी ओतलं.

"हे काय नवीन?"

"असं काय करता? काल तुम्ही भावाकडे होतात ना, तेव्हा दुपारी तुमच्याच पालिकेचा निरोप आला. पाइपात घाण शिरलीय, नळाचं पाणी पिऊ नका म्हणून. तुम्हाला नाही आला?"

त्याने फोन उघडला. एकाखाली एक बत्तीस निरोप. त्याची पाचावर धारण बसली.

तो धावत पोचला तेव्हा मावशी खाटेवर पोट धरून पडल्या होत्या. इस्त्री थंड होती, उशाशी बादली. त्याने आधी डॉक्टरांना फोन लावला. तो ठेवला तेव्हा त्या म्हणाल्या, "पाण्याचीच शंका आली होती रे. पण म्हटलं, तसं काही असतं तर तू आला असतास."

भोंग्याला वाटलं, यांनी दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं.

"निरोप आला होता मावशी. मीच आवाज बंद केला होता."

त्या कोपरावर टेकून जरा उठल्या. मग विचारलं, "बाकीच्यांना सांगितलंस?"

त्याने नकारार्थी मान हलवली.

"मग इथे काय उभा राहिलायस?"

गल्लीत येऊन त्याने जुन्या सवयीने हाळी दिली, "नळाचं पाणी पिऊ नका होऽऽ!" चार खिडक्या उघडल्या. "भोंग्या, कालच कळलं की! झोपला होतास का?" सगळे खो खो हसले. ज्यांच्याकडे मोबाइल होता त्यांना कळलेलंच होतं. उरलेले म्हातारे घरात आत, बरेचसे कानाने मंद; त्यांच्या दारातच जायला हवं होतं, आणि तिथे तोंड दाखवायला लागणार होतं.

दुसरं दार घड्याळवाल्या काकांचं, तिसऱ्या मजल्यावर. काका एकटेच राहायचे. त्याला बघून त्यांचा चेहरा फुलला.

"अरे, ये ये! किती दिवसांनी! धापा काय टाकतोयस? बस आधी." आणि तो काही बोलायच्या आत त्यांनी नळाखाली पेला भरून त्याच्यापुढे धरला.

भोंग्याने पेला घेतला. शरमेने त्याला मान वर करवेना.

"काका, तुम्ही प्यायलात हे?"

"म्हणजे काय? कालपासून हेच तर पितोय."