बटाटे कापायला कुणाला बोलावलं नाही

बटाटे वाईट झाले नव्हते. हे आधीच सांगते, नाहीतर लोक म्हणतील म्हातारीला नवं काही खपत नाही. मी ते बटाटे खाल्ले, दुसऱ्यांदा मागूनही घेतले. माझा राग बटाट्यांवर नव्हता.

नातीच्या मुलीचा पहिला वाढदिवस होता. नात पुण्यात असते, नवराही तिथेच नोकरीला. वाढदिवस गावच्या घरी करायचा असं तिने ठरवलं आणि कणकवलीला गाडीतून उतरली ती दोन खोके घेऊन. मला वाटलं पोरीची खेळणी असतील. उघडल्यावर आत मशीनं निघाली. बाहेरून पत्र्याचा डबा, आत जाड चिनीमातीचं भांडं, वर काचेचं झाकण. एक तिचं, एक मैत्रिणीकडून मागून आणलेलं. स्लो कुकर म्हणतात. सकाळी सगळं भरायचं, बटण दाबायचं, संध्याकाळपर्यंत तिकडे बघायचंच नाही.

"मग त्या वेळात करायचं काय?" मी विचारलं.

"काही नाही, आजी. आराम."

वाढदिवस नेमका मार्गशीर्षातल्या गुरुवारी आला होता, म्हणजे मासे-कोंबडी बंद. आमच्याकडे अशा दिवशी माणसं जेवायला असली की वडे आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं. त्यात विचार करण्यासारखं काही नसतं. नातीने मात्र बटाटे ठरवले होते. बटाट्यांच्या पातळ चकत्या, त्यावर किसलेलं चीज, दूध, लोणी, कांदा, मिरपूड, परत चकत्या, परत चीज. सोबत बेकरीतले पाव आणि केक. चीज ती थर्माकोलच्या डब्यात बर्फात घालून पुण्याहून घेऊन आली होती.

"आणि नारळ कोण खवणार, वाटाणे कोण निवडणार, वडे कोण थापणार? कुणाला त्रासच नको यावेळी," ती म्हणाली.

तो शब्द मी तेव्हा ऐकून सोडून दिला. तिथेच धरायला हवा होता.

आमच्या वाडीची रीत सांगते. विळीला आमच्याकडे आडाळो म्हणतात. बसायला पाट, पुढे वाकडं पातं, पात्याच्या टोकाला नारळ खवायचे दाते. कुणाच्या घरी कार्य असलं की त्या घरची मुलगी नाहीतर सून आदल्या दिवशी दारोदार जाऊन सांगून येते, कामाला या म्हणून. अगदी शेजारच्या घरी तेवढं सांगावंही लागत नाही. सकाळी बायका येतात त्या आपापला आडाळो काखेत मारून. पात्याला फडकं गुंडाळलेलं असतं. मागच्या पडवीत ओळीने बसतात आणि कापत, खवत सुटतात. तिथे काही प्रेम उतू जात नसतं. कुणाच्या सुनेने काय केलं, कुणाचा मुलगा पितो, ते सगळं तिथेच निघतं. चहा दोनदा मागतात. पण जी बाई कापायला आली तिला त्या घरात हक्क असतो. ती टोपावरचं झाकण उचलते, मीठ बघते, घरच्या सुनेला चार शब्द सुनावते. नुसत्या जेवायला आलेल्या पाहुणीला ते करता येत नाही.

माझ्या शेजारणीचं आणि माझं काही फार गोड आहे असं नाही. एकदा हद्दीवरच्या फणसावरून आमचं वाजलं. माझ्या नवऱ्याने तिच्या अंगणाकडे झुकलेली फांदी तोडली, तिने माझ्या सात पिढ्या काढल्या, मीही काही ठेवलं नाही. त्यानंतर दोन वर्षं आम्ही एकमेकींचं तोंड बघत नव्हतो. विहिरीवर ती आली की मी कळशी घेऊन निघायची. त्याच काळात माझ्या मुलाचं लग्न निघालं. तिला सांगायला मी मुलीला पाठवलं, आपण गेले नाही. लग्नाच्या आदल्या सकाळी बघते तर ही पडवीत बसलेली, आडाळ्यावर. माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. दुपारपर्यंत नारळ खवले, हात धुतले, आडाळो उचलला, गेली. संध्याकाळी परत कांदे कापायला हजर. आमचं भांडण त्यानंतरही वर्षभर चाललं, पण पडवीत ते कधी आलं नाही. माझे यजमान गेले तेव्हा घरात चूल पेटली नव्हती, तर पेजेचा टोप तिनेच आणून ठेवला. टोप ठेवला आणि माझ्याजवळ बसली.

आता त्या गुरुवारचं. सकाळी मी मागे परसात पूजेची फुलं काढत होते. परडी घेऊन वळले तर शेजारणीची पाठ दिसली. आडाळो काखेत, बांधावरून आपल्या घराकडे चाललेली. मी हाक मारली, तिने वळून बघितलं नाही. कान तिचे चांगले आहेत.

आत येऊन नातीला विचारलं, "ही आली होती?"

"हो, शेजारच्या आजी आल्या होत्या. मी म्हटलं, आजी, तुम्ही या वयात कशाला त्रास घेता, आता सगळं मशीनवर आहे. तुम्ही संध्याकाळी फक्त छान जेवायला या."

"मग ती काय म्हणाली?"

"काही नाही. बरा, बरा, चलांदे तुझा, असं म्हणाल्या. हसल्या पण."

हसली! मी परडी खाली ठेवली. माझा मुलगा तिथेच चहा पीत होता, तो म्हणाला, "आये, बरा झाला ना? तिची कंबर दुखता, बसाक होणा नाय तिका."

"तुका कंबर दिसता तिची," मी म्हटलं, "तिचो आडाळो दिसलो नाय?"

त्याला कळलं नाही. इथेच जन्मला, इथेच वाढला, तालुक्याच्या बँकेत नोकरी करतो, त्याला कळलं नाही. नातीला नाही कळलं हे मी समजू शकते. त्याचा मला जास्त राग आला.

नातीने एका प्लास्टिकच्या पट्टीवर बटाटे सरसर घासून चकत्या पाडल्या, सगळ्या एकसारख्या, कागदासारख्या. गोणीतून काढून घेतलेली टोपली बघताबघता रिकामी झाली. थर लावले, झाकण ठेवलं, बटण दाबलं. पडवी केरसुणीने झाडून ठेवली होती. तशीच राहिली, झाडलेली.

मी त्या मशीनसमोर बसून राहिले. ना वाफ, ना आवाज, ना वास. एकदा झाकण उचलायला हात गेला तर नात ओरडली, "नको, आजी! उघडलं की आतली सगळी उष्णता जाते, परत अर्धा तास वाढतो." म्हणजे चव बघायची नाही, मीठ बघायचं नाही. आता झाकणसुद्धा उचलायचं नसेल तर बायकांना बोलावून करणार तरी काय, हेही मला कळत होतं. दुपारनंतर वास सुटला. चांगला होता. त्याचाही राग आला.

संध्याकाळी पाहुणे आले. मुलाच्या बँकेतले, नातीच्या सासरचे, मालवणहून माझी बहीण आणि तिची माणसं. पोरीला ओवाळलं, नातीची ओटी भरली, केक कापला, फुगे फुटले. वाडीतली पोरं आली, केक खाऊन पळाली. वाडीतली बाई एकही आली नाही. शेजारीण नाही, तिच्या पलीकडची नाही, विहिरीकडची नाही. सकाळी ती आडाळो घेऊन परत जाताना सगळ्यांनी बघितलं असणार, आणि नसेल बघितलं तर तिने सांगितलं असणार. एका मशीनचे बटाटे संपले. दुसऱ्याचं झाकण उघडलंच नाही.

मुलगा म्हणाला, "ऱ्हवले तर ऱ्हवले, फ्रीजमधी ठेवया."

नात म्हणाली, "मी डबे भरून सगळ्यांकडे देऊन येते ना."

तिथे माझा आवाज चढला. पाहुणे अजून चपला घालत होते, तरी चढला. "डबे भरून? जी बाई जेवायला आली नाही तिच्या दारात उष्टं-उरलेलं नेऊन ठेवणार? सकाळी एकदा केलास तिचा अपमान, तेवढा पुरे नाही झाला?"

"अपमान? मी किती प्रेमाने बोलले, आजी! मी काय वाईट बोलले सांग ना."

"तुला काम नाही आमच्याकडे, असं बोललीस."

"मी त्यांना त्रास नको म्हणून..."

"त्रास, त्रास! तुझ्या तोंडी दुसरा शब्द नाही? दोन वर्षं ती माझ्याशी बोलत नव्हती तेव्हाही आडाळो घेऊन येत होती. फणसाने जे तुटलं नाही ते तू एका सकाळी तोडलंस, आणि वर गोड हसून तोडलंस. उद्या मी मेले तर कोण येणार? तुझं हे मशीन येऊन बसणार माझ्याजवळ?"

ती रडायला लागली. मी समजूत घातली नाही. माझ्या बहिणीने घातली, आणि मला म्हणाली, "गप गो, पोर आसा ती." पोर कसली, तिला पोर आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेजारणीकडे गेले. ती अंगणात सुपारी सोलत होती. बस म्हणाली नाही. मी बसले.

"काल इलंस नाय," मी म्हटलं.

"कित्या येव? जेवूक? माझ्या घराक तांदूळ आसत."

"पोरीक कळाक नाय गो."

"पोरीक नाय कळला. तुका कळला मां? मगे काल दुपारी खंय होतंस? संध्याकाळी खंय होतंस? आज इलंस, बटाटे ऱ्हवले म्हणान."

ती सुपारी सोलत राहिली. मग म्हणाली, "जेवूक भिकाऱ्याकय बोलावतत, वयनी. कामाक घरच्याक बोलावतत."

"चल मगे. अर्धी गोण बटाटे अजून आसत. कापूक चल."

"तू सांगलंस म्हणान मी येवचंय नाय. जिना परत धाडलान तिका पाठय. आणि माझ्याकडेच नको. सगळ्या दारांनी फिरांदे."

मी घरी येऊन नातीला सांगितलं, आता तूच दारोदार जाऊन बोलावून ये. तिचे डोळे अजून सुजलेले होते. मला वाटलं नाही म्हणेल, आणि म्हणाली असती तर मी तिला दुपारच्या गाडीला लावलं असतं. तिने पोरीला कडेवर घेतलं आणि पुण्याच्या त्या आखूड पँटवर निघाली. मी मागे गेले नाही. बांधावरून ऐकत राहिले. प्रत्येक दारात तेच, "आजी, कामाला या. बटाटे कापायचे आहेत." विहिरीकडच्या म्हातारीने तिला पायरीवर उभं करून विचारलं, "कित्या, मशीन बिघाडला?" नात म्हणाली, "नाही, मी बिघडवलं." म्हातारी हसली. मला हसू आलं नाही.

जेवणं उरकून बायका आल्या. शेजारीण सगळ्यात शेवटी. तिने फडकं सोडलं, आडाळो नेहमीच्या जागी ठेवला, म्हणजे खांबाजवळ, आणि कंबर धरून हळूहळू खाली बसली. मुलगा बरोबर बोलला होता, तिला बसवत नव्हतं. बसली.

आता कापण्याचं सांगते. एकीचा बटाटा नाण्यासारखा, एकीचा बोटाएवढा, शेजारणीचा तर चक्क फोडी. नात बघत होती. चकत्या सारख्या नसतील तर सारख्या शिजत नाहीत, हे तिने मला आदल्या दिवशी तीनदा सांगितलं होतं. तिने तोंड उघडलं. मी तिच्याकडे बघितलं. तिने तोंड मिटलं आणि उरलेलं चीज किसायला घेतलं.

"ह्या काय पांढरा?" शेजारीण म्हणाली. "धुण्याचो साबू?"

"चीज, आजी. दुधाचं असतं."

"म्हशीचा?"

"माहीत नाही."

"माहीत नाय आणि लोकांक खावक घालतंस," ती म्हणाली, आणि एक तुकडा तोंडात टाकून वाईट तोंड केलं. मग आणखी एक टाकला.

कालचे उरलेले बटाटे फ्रीजमध्ये गेले होते, ती रिकामी भांडी भरून बटण दाबलं. बायकांनी चहा दोनदा मागितला. शेजारणीने मधे उठून झाकण उचललं, आत डोकावली, चमच्याने मीठ बघितलं आणि कमी आहे म्हणाली. थोड्या वेळाने विहिरीकडचीने उचललं. मग आणखी कुणी. प्रत्येक वेळी नातीचा जीव खाली-वर होत होता. मी तिला सांगितलं, वाढू दे अर्धा अर्धा तास.

दिवे लागले तरी बटाटे झाले नाहीत. वर मऊ, मधे कच्चे. कुणाला थांबायला वेळ नव्हता, घरी गुरं, नवरे, टीव्ही. तशीच पानं घेतली. शेजारीण खाऊन म्हणाली, "सांबाऱ्याची सर नाय." पान मात्र चाटून पुसून ठेवलं. जाताना नातीच्या पोरीच्या हातात नोट कोंबली, पात्याला फडकं गुंडाळलं, आडाळो काखेत मारला आणि माझ्याकडे न बघता गेली. पुढचे काही दिवस ती माझ्याशी तुटकच होती. आडाळो आला होता, ती माझ्यावर रागावलेलीच होती. ती रागावू दे. मीही अजून मुलावर रागावलेली आहे.

माझ्या वाटणीला त्या दिवशी एक जाड फोड आली. ती तिचीच, इतकं जाड वाडीत दुसरं कुणी कापत नाही. आत पार कच्ची होती. मी चावून खाल्ली.